हवेशिवाय लेसर: एओलस उपग्रहाचे प्रकरण

युरोपीय अवकाश संस्थेने, म्हणजे ईएसएने, १९९९ साली वारा मोजणारा एक उपग्रह मंजूर केला. २००७ च्या सुमाराला तो उडेल असा हिशेब होता. प्रत्यक्षात तो २२ ऑगस्ट २०१८ रोजी फ्रेंच गयानातल्या कूरू तळावरून व्हेगा रॉकेटने गेला. तोही ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा, कारण आदल्या दिवशी वरच्या थरांतले वारे उड्डाणाला सोयीचे नव्हते. उपग्रहाचे नाव एओलस, ग्रीक पुराणातला वाऱ्यांचा राखणदार; तेव्हा त्या एका दिवसाबद्दल कुणी फार कुरकुर केली नसावी. आधीच्या अकरा वर्षांचे कारण मात्र शोधावे लागते, आणि त्यातले बरेचसे एकाच पेटीत सापडते: उपग्रहावरच्या लेसरच्या.

लेसरने हवा मोजणे जमिनीवर नवे नव्हते. लिडारचे तंत्र तसे सरळ आहे. प्रकाशाची अतिशय आखूड स्पंदने सोडायची, धुळीवरून, ढगांवरून, हवेच्या रेणूंवरून उलटून येणारा अंश दुर्बिणीने गोळा करायचा आणि तो किती वेळाने आला यावरून अंतर काढायचे. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत १९८० च्या दशकापासून आर्गन-आयन लेसरवर असा लिडार चालवून शहरावरच्या धूलिकणांच्या नोंदी घेतल्या गेल्या. असे यंत्र एका खोलीत असते आणि त्या खोलीत हवा असते. आरशावर धूळ बसली तर कुणीतरी पुसतो, लेसर रुसला तर त्याचे स्क्रू पिळून तो जागेवर आणतो. अवकाशात यातले काहीच नाही. पुसणारा माणूस नसणार हे अभियंत्यांनी पहिल्या दिवसापासून धरले होते. हवा नसण्याची किंमत किती, हे मात्र काम करता करता कळत गेले. या सगळ्या प्रकरणाचा गाभा मला तोच वाटतो.

वाराच का

हवामानाच्या अंदाजाला तापमान, आर्द्रता, दाब आणि वारा लागतो. पहिल्या दोन गोष्टी उपग्रह बऱ्यापैकी देतात. वाऱ्याचे तसे नाही. हवेत सोडलेले फुगे दिवसातून साधारण दोनदा आणि बहुतेक जमिनीवरूनच उडतात. विमाने वारा नोंदवतात, पण ती ठरलेल्या मार्गांवर आणि ठरावीक उंचीवर उडतात. भूस्थिर उपग्रह ढगांच्या सरकण्यावरून वेग काढतात, पण तो ढग नेमका किती उंचीवर होता याचा अंदाजच असतो. आणि जिथे ढग किंवा बाष्पाची ठळक खूण नाही, तिथला वारा तसाच राहतो.

मध्यम अक्षांशांवर एक पळवाट आहे. तिथे दाबाचा उतार आणि पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम एकमेकांना तोलून धरतात, त्यामुळे तापमान आणि दाब कळला की वारा बराचसा गणिताने निघतो. विषुववृत्ताकडे येताना हा तोल सैल होतो आणि तापमानावरून वारा काढणे फसते. म्हणजे जिथे निरीक्षणे कमी, तिथेच गणितही मदतीला येत नाही. हिंदी महासागर, अरबी समुद्र, आपल्या मोसमी वाऱ्यांचा सगळा रस्ता याच पट्ट्यात येतो. सोमालियाच्या किनाऱ्यावरून कोकणाकडे येणारा खालच्या थरातला जोरकस प्रवाह असो, की पंधरा किलोमीटरच्या आसपास उलट दिशेने वाहणारा पूर्वेचा झोत, समुद्रावर त्यांचा उभा छेद घेणारी साधने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वाऱ्याचा उभा छेद अवकाशातून थेट मोजायचा आग्रह हवामानशास्त्रज्ञांनी दशकानुदशके धरला, तो यासाठी.

पंधरा कोटींत एक

एओलसवर उपकरण एकच: अलादीन. त्याचे काम ऐकायला सोपे होते. ३२० किलोमीटर उंचीवरून खाली तिरका लेसर मारायचा, हवेच्या रेणूंवरून परत आलेल्या प्रकाशाचा रंग किती सरकला ते बघायचे. रेणू वाऱ्याबरोबर उपग्रहाकडे येत असतील तर रंग एका बाजूला सरकतो, लांब जात असतील तर दुसऱ्या. हाच डॉप्लर परिणाम.

सरकतो किती? प्रकाशाच्या दिशेत सेकंदाला एक मीटर वाऱ्यामागे सुमारे ५.६ मेगाहर्ट्झ. मूळ प्रकाशाची वारंवारता साडेआठ लाख गिगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे पंधरा कोटी भागांत एका भागाचा फरक ओळखायचा, आणि तोही सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या यंत्रावरून. उपग्रहाच्या स्वतःच्या वेगाने मोजमाप बुडू नये म्हणून दुर्बीण त्याच्या मार्गाशी काटकोनात, उभ्या रेषेपासून ३५ अंश कललेली ठेवली. तरी नेम रेडियनच्या दहा हजाराव्या भागाने चुकला, तर सेकंदाला पाऊण मीटरचा खोटा वारा तयार होतो. एका रेषेत पाहिल्यामुळे वाऱ्याचा एकच घटक मिळतो, ध्रुवांजवळचा भाग सोडला तर साधारण पूर्व-पश्चिम. अर्धाच वारा मोजून काय होणार, अशी शंका तेव्हा घेतली गेली नसती तरच नवल. अंदाज करणाऱ्या मॉडेलांना मात्र अर्धी पण थेट मोजलेली गोष्ट पुरते. उरलेली ते आजूबाजूच्या माहितीतून जुळवतात.

खरा पेच लेसरच्या रंगाचा होता. रेणूंवरून प्रकाश उलटण्याचे प्रमाण तरंगलांबी जितकी आखूड, तितके तिच्या चौथ्या घाताने वाढते. निओडिमियम-याग लेसर मूळचा १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त. त्याची वारंवारता स्फटिकांतून तिप्पट करून ३५५ नॅनोमीटरवर, अतिनीलमध्ये आणली, तर तेवढ्याच हवेतून ८१ पट जास्त उलटतो. शिवाय स्वच्छ हवेतही, धूळ नसताना, वारा दिसतो. चारशे किलोमीटरच्या तिरप्या अंतरावरून येणारे मूठभर फोटॉन मोजायचे असताना ८१ पट सोडणे परवडणारे नव्हते. म्हणून अतिनील ठरला. निर्णय योग्यच होता असे मला आजही वाटते. पण पुढची बहुतेक दुखणी त्याच्याच पोटातून निघाली.

प्रकाशाचे पृथक्करण करायला दोन वेगळे मार्ग होते: रेणूंवरून आलेल्या पसरट वर्णरेषेसाठी फॅब्री-पेरोच्या जोडगाळण्या, आणि ढग-धुळीवरून आलेल्या अणकुचीदार रेषेसाठी फिझो व्यतिकरणमापी, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींवर पाडून रंगाचा बारीक फरक दाखवणारे साधन. दोन्हींच्या मागे प्रकाश साठवत जाणारे प्रत्येकी १६ बाय १६ चौकटींचे छोटे संवेदक. दुर्बिणीचा आरसा सिलिकॉन कार्बाइडचा, दीड मीटर व्यासाचा. लेसर जाण्याची आणि परतलेला प्रकाश येण्याची वाट एकच, त्याच दुर्बिणीतून. हे ‘एकाच वाटेने जा-ये’ प्रकरण लक्षात ठेवायला हवे. ते पुढे महागात पडले.

विमानात सगळे ठीक होते

नवे उपकरण थेट अवकाशात पाठवत नाहीत. जर्मनीच्या डीएलआर या संस्थेने अलादीनची एक विमानी आवृत्ती तयार केली आणि २००५ पासून ती आपल्या फाल्कन विमानात बसवून उडवली. तीच अतिनील तरंगलांबी, तीच दोन मार्गांची मांडणी. ती चालली. वाऱ्याची मोजणी या पद्धतीने होऊ शकते हे तिने दाखवले आणि उपग्रह उडाल्यानंतर त्याच्या कक्षेखालून उड्डाणे करून त्याचे वारे ताडून पाहायलाही तीच उपयोगी पडली.

पण विमानातला लेसर कुठे असतो? केबिनमध्ये. केबिनमध्ये माणसे असतात, म्हणून तिथे हवेचा दाब राखलेला असतो. म्हणजे जमिनीवरून विमानात जाताना यंत्राने उंची बदलली, हादरे सोसले, तापमानाचे चढउतार पाहिले. हवा मात्र सोडली नाही. ती परीक्षा अवकाशातल्या लेसरसाठीच शिल्लक राहिली.

त्या परीक्षेत जे घडले त्याला या क्षेत्रात लेसरमुळे होणारे दूषण म्हणतात. पेटीत गोंद असतो, तारांवरचे प्लास्टिक असते, जोडण्या असतात. निर्वातात या सगळ्यांतून सेंद्रिय वाफा सुटतात, अगदी नगण्य प्रमाणात. नुसत्या त्या वाफांनी फारसे बिघडत नाही. पण अतिनील प्रकाशाच्या एकेका फोटॉनमध्ये साडेतीन इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते. तीव्र किरण भिंगावर किंवा आरशावर पडतो तिथे या वाफांचे रेणू तुटतात, एकमेकांना चिकटतात आणि कढईच्या बाहेरून तेल जळून चढत जावे तसे काळपट पुट चढते. तेही किरण पडतो नेमक्या त्या जागी, इतरत्र नाही. पुट प्रकाश शोषते, तापते, आणखी लवकर वाढते. शेवटी भिंगावरचा लेपच जळतो.

जमिनीवर हे का दिसत नाही? कारण हवेत ऑक्सिजन असतो, आणि अतिनील प्रकाशाच्या साथीने तो हे कार्बनी पुट बसता बसताच जाळून टाकतो. प्रयोगशाळेतला प्रत्येक अतिनील लेसर स्वतःची सफाई अशी फुकटात करून घेत होता, आणि ते कुणाच्या हिशेबात नव्हते. शिवाय भिंगांवरचे काही लेप हवेत जितका मारा सोसत, तितका निर्वातात सोसेनात. लेपाच्या सूक्ष्म छिद्रांत हवेतली आर्द्रता बसलेली असते, ती निघून गेली की लेपाची ठेवणच बदलते. उष्णतेचेही तेच. हवा वाहून नेते ती उष्णता निर्वातात धातूमधूनच काढावी लागते, त्यामुळे पेटीतले तापमान जरा इकडेतिकडे झाले की आरशांची जुळणी हलते.

इटलीत, सेलेक्सच्या (नंतरच्या लिओनार्डो कंपनीच्या) कारखान्यात बनणारा हा लेसर वर्षानुवर्षे अडकला तो इथे. श्टुटगार्टला डीएलआरमध्ये एकेक भिंग निर्वातात ठेवून त्यावर लेसरचा मारा करून पाहिला गेला. नवे लेप आले, साहित्य बदलले, सेंद्रिय वाफा सोडणारे भाग तापवून आधीच मोकळे करून घेतले. मूळ आराखड्यात लेसर थोडा वेळ चालून थोडा वेळ थांबणार होता. तापमान स्थिरावेना म्हणून २०१० मध्ये तो सतत, सेकंदाला सुमारे ५० स्पंदनांनी चालवायचे ठरले. म्हणजे दिवसाला ४३ लाखांहून अधिक स्पंदने, न थांबता, काही वर्षे.

आणि सर्वांत मोठा बदल: ऑक्सिजन. छोट्या टाक्यांतून शुद्ध ऑक्सिजन लेसरच्या प्रकाशमार्गात झिरपत ठेवायचा. किती? सुमारे ४० पास्कल, म्हणजे समुद्रसपाटीच्या दाबाचा अडीच हजारावा भाग. हवेचा वारा मोजायला निघालेल्या यंत्राला जगण्यासाठी चिमूटभर हवा बरोबर न्यावी लागली. पुट जाळायला एवढा पुरतो. पण त्यासाठी टाक्या, झडपा, नळ्या आल्या, गळती मोजणे आले, आणि साठा संपण्याची तारीखही आली.

ही भीती इतकी खरी होती की तयार उपग्रह विमानाने कूरूला नेला नाही. काही कारणाने विमानाला झटकन खाली यावे लागले, तर दाबाच्या अचानक बदलाने उपकरणाला धोका होता. म्हणून तो फ्रान्सहून जहाजाने, अटलांटिक ओलांडून गेला.

आधीच्यांनी काय केले होते

एओलसच्या लोकांना आधी कुणी वाट दाखवली नव्हती असे नाही. १९९४ च्या सप्टेंबरात नासाने डिस्कव्हरी या शटलमध्ये लाइट नावाचा लिडार नेऊन ढग आणि धूळ पाहिली होती. ती काही दिवसांची मोहीम. टिकाऊपणाचा प्रश्न तिने सोडवला नाही, तिचे ते कामही नव्हते.

१२ जानेवारी २००३ ला गेलेल्या, बर्फाची उंची मोजणाऱ्या नासाच्या आइससॅट उपग्रहावर तीन लेसर होते. पहिला जेमतेम सव्वा महिना चालला. चौकशीत मूळ सापडले ते लेसरला ऊर्जा देणाऱ्या डायोडांच्या पट्ट्यांत: जोडणीतले जास्तीचे इंडियम सोन्याच्या बारीक तारांना खाऊन टाकत होते. दुसऱ्याची ऊर्जाही झपाट्याने उतरली. नासाने मग शहाणपणाने लेसर वर्षभर चालवण्याऐवजी वर्षातून दोन-तीनदा महिना-महिना चालवून मोहीम २००९ पर्यंत ताणली.

एप्रिल २००६ मध्ये गेलेला, ढग आणि धूळ पाहणारा कॅलिप्सो उपग्रह हा खरा आदर्श. त्याच्या लेसरची सोय सरळ होती. पेटी हवाबंद, आत कोरडी हवा, पुरेशा दाबाची. लेसर अवकाशात होता, पण त्याला ते कळू दिले नव्हते. पेटीला बारीक गळती होती आणि ती आधीपासून माहीत होती. दाब उतरत एका टप्प्यावर आला की विद्युत ठिणग्या उडण्याचा धोका, म्हणून मार्च २००९ मध्ये राखीव लेसरवर काम हलवले. तो पुढे चौदा वर्षे पुरला. कॅलिप्सोची मोहीम संपली १ ऑगस्ट २०२३ ला.

मग एओलसने हवाबंद पेटी का नाही घेतली? कॅलिप्सो हिरव्या आणि अवरक्त प्रकाशावर चालत होता, एओलसचा आराखडा ठरला तेव्हा कॅलिप्सो उडालेलाही नव्हता, आणि उघड्या पेटीत वजन वाचते व गळतीची काळजी राहत नाही. त्या वेळच्या माहितीवर निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पण एकदा घेतल्यावर मागे फिरायला वाव उरला नाही, आणि ऑक्सिजनची ती कसरत त्यातूनच आली.

वर गेल्यावर

उड्डाणानंतर तीन आठवड्यांत पहिले वारे आले. ऑक्सिजनची युक्ती चालली: लेसर काळा पडून मेला नाही. एवढ्या वर्षांच्या भीतीनंतर हे केवढे समाधान असेल! दुखणी आली ती दुसऱ्या दारांनी.

उपग्रहावर लेसर दोन होते, एक चालता आणि एक राखीव. पहिल्याची ऊर्जा सुरुवातीला ६५ मिलीज्यूल होती, अपेक्षा ८० ची. ती आठवड्यागणिक उतरत गेली आणि २०१९ च्या जूनपर्यंत चाळिशीच्या घरात आली. रोख वळला तो पुटावरून लेसरच्या मूळ आंदोलकातल्या, म्हणजे किरण जिथे तयार होतो त्या भागातल्या, आरशांच्या जुळणीकडे. तापमानाने सरकलेली जुळणी, म्हणजे पुन्हा हवा नसल्याचाच एक चेहरा. जूनअखेर दुसरा लेसर सुरू केला. त्याची तब्येत बरी निघाली, पुढे त्याची ऊर्जा वाढवताही आली. पण एक विचित्र गोष्ट दिसली: लेसर जास्त ऊर्जा देतोय आणि परत येणारा प्रकाश मात्र घटतोय. सुरुवातीपासूनच तो अपेक्षेच्या निम्म्याहून कमी होता. म्हणजे गळती लेसर आणि दुर्बिणीच्या मधल्या वाटेत होती. जाण्याची आणि येण्याची वाट एकच असल्याने ती नेमकी कुठे, हे तीनशे वीस किलोमीटर खालून ओळखणे अवघड झाले. २०२२ च्या अखेरीस पुन्हा पहिल्या लेसरकडे परतल्यावर मिळणारा प्रकाश पुष्कळ सुधारला, त्यावरून संशय सामाईक वाटेला मिळण्याआधीच्या, दुसऱ्या लेसरच्या स्वतंत्र तुकड्यावर पक्का झाला. थकला म्हणून बाजूला ठेवलेल्या लेसरनेच शेवटचे महिने चांगले काढले.

उपग्रहाचा तोल सांभाळणारी चाके काही ठरावीक वेगांनी फिरत तेव्हा त्यांची बारीक थरथर लेसरपर्यंत पोचे आणि त्याचा रंग अस्थिर होई. संवेदकांच्या काही चौकटी अचानक ‘गरम’ होत, म्हणजे प्रकाश नसतानाही संकेत दाखवत, आणि त्या त्या उंचीवर नसलेला वारा उभा राही. त्यावर उपाय जून २०१९ पासून लागू झाला: दिवसातून अनेकदा मोजणीची खिडकी मुद्दाम जमिनीच्या पातळीखाली न्यायची, जिथून प्रकाश येऊच शकत नाही, आणि त्या अंधारात चौकटी किती खोटे बोलतात ते नोंदवायचे.

आरसा

सर्वांत चिवट दोष मात्र लेसरचा नव्हताच.

इंग्लंडातल्या रेडिंगमधल्या युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्रात, ईसीएमडब्ल्यूएफमध्ये, एओलसचे वारे मॉडेलच्या वाऱ्यांशी रोज ताडले जात. फरकाला एक ठेवण दिसू लागली. कक्षेच्या ठरावीक भागात, ठरावीक प्रदेशांवर चूक एका दिशेने झुकत होती, कधी कधी सेकंदाला कित्येक मीटरने. वारा मोजणाऱ्याने असा झुकाव ठेवला तर तो न मोजलेला बरा, कारण मॉडेल त्यावर विश्वास ठेवून अंदाज बिघडवते.

हा झुकाव अखेर दीड मीटरच्या मुख्य आरशाच्या तापमानाशी जुळला. उपग्रह फिरताना खालून येणारी उष्णता सारखी बदलते. सहारा तापलेला, त्याच्या पलीकडे उंच ढगांची थंड माथी, मग बर्फ. आरसा खालीच बघत असतो, त्यामुळे त्याच्या मध्यभागात आणि कडेत अंशाच्या काही दशांशांचा फरक पडत राही. आरसा किंचित वाकडा होई, प्रकाश वर्णमापीवर किंचित वेगळ्या कोनातून पडे, आणि पंधरा कोटींत एक भाग मोजणारे यंत्र त्याला वारा समजे. तापनियंत्रण हा झुकाव पुरता आवरू शकत नव्हते. उलट त्याच्या चालू-बंद होण्याची छापही मोजमापात उमटे.

मूळ कल्पना अशी होती की शून्य कुठे आहे हे जमीनच सांगेल. जमीन हलत नाही, तेव्हा तिच्यावरून परतलेल्या प्रकाशात जो वेग दिसेल तो दोष. पण अतिनील प्रकाश चांगला परतवतो तो बर्फ. समुद्र आणि झाडी तो गिळून टाकतात. त्यामुळे शून्य मिळे ते बहुतांशी ध्रुवांजवळ, आणि दोष तर सगळ्या कक्षेवर पसरलेला.

शेवटी मॉडेलचाच आधार घेतला गेला. आरशावरच्या तापमापकांचे आकडे आणि मॉडेलशी पडणारा फरक यांची सांगड घालून दुरुस्तीचे सूत्र काढायचे, आणि ते ताज्या आकड्यांवर सतत नवे करत राहायचे. २० एप्रिल २०२० पासून ते लागू झाले आणि १२ मे २०२० रोजी एओलसचे वारे सगळ्यांसाठी खुले झाले.

यात एक खोच आहे, आणि ती मला पूर्णपणे सुटलेली वाटत नाही. जे मॉडेल सुधारायला उपग्रह पाठवला त्याच मॉडेलवरून उपग्रहाचे मोजमाप दुरुस्त करायचे, हे तत्त्वतः गोल फिरणे आहे. बचाव असा की सूत्र मोजक्याच तापमानांवर उभे असते आणि साऱ्या पृथ्वीवरच्या वाऱ्यांची सरासरी वापरते, त्यामुळे एखाद्या ठिकाणचा वारा मॉडेलपेक्षा वेगळा असेल तर तो वेगळेपणा शिल्लक राहतो. व्यवहारात हा बचाव टिकला. दुरुस्तीनंतर अंदाज सुधारले. पण स्वतःच्या पायावर शून्य ठरवता येणारे उपकरण हा मूळ हेतू अर्धवट राहिला, हेही खरे.

उपयोग झाला का

झाला. रेणूंवरून मोजलेल्या एकेका वाऱ्यातली अनिश्चितता सेकंदाला चार ते सात मीटर राहिली. आराखड्यात मागितल्यापेक्षा ती जास्त होती, आणि त्याला कारण परतणारा अपुरा प्रकाश. तरीही ईसीएमडब्ल्यूएफने ९ जानेवारी २०२० पासून हे वारे रोजच्या अंदाजात घेतले. पाठोपाठ जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटनच्या हवामान संस्थांनी घेतले, नोएडाच्या आपल्या राष्ट्रीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्रानेही घेतले. सर्वाधिक फायदा दिसला तो उष्ण कटिबंधातल्या वरच्या थरांत आणि दक्षिण गोलार्धात, म्हणजे मुळात जिथे पोकळी होती तिथेच. अंदाजातली चूक तिथे साधारण दोन टक्क्यांच्या घरात कमी झाली. ऐकायला हे किरकोळ वाटेल. पण आधीच डझनावारी उपग्रह गिळणाऱ्या मॉडेलात एकट्या उपकरणाने एवढे हलवणे दुर्मीळ आहे. त्यात २०२० च्या वसंतात कोविडमुळे विमाने जमिनीवर बसली, त्यांच्या वाऱ्याच्या नोंदी अचानक आटल्या, आणि संशोधनासाठी पाठवलेला उपग्रह ऐन वेळी रोजच्या कामाला जुंपला गेला.

अपेक्षित आयुष्य तीन वर्षांचे. ३० एप्रिल २०२३ ला नियमित मोजणी थांबली. लेसर थकला म्हणून नाही. सूर्य सक्रिय झाल्याने वरची विरळ हवा फुगली होती आणि ३२० किलोमीटरवर टिकून राहायला इंधन भराभर जात होते. मोजणी थांबल्यावरच्या आठवड्यांत अभियंत्यांनी लेसर हवा तसा ताणून पाहिला, एरवी जे धाडस झाले नसते ते प्रयोग केले. २८ जुलै २०२३ ला उपग्रह टप्प्याटप्प्याने खाली आणून अंटार्क्टिकावर वातावरणात शिरवला. मुळात तशा परतीसाठी तो बांधलेलाच नव्हता. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या नियंत्रण केंद्राने उरलेल्या इंधनावर ते जमवले.

पुढच्या यंत्रांत काय बदलले

अनुभव कुठे मुरला हे बघायचे तर २८ मे २०२४ ला गेलेला अर्थकेअर बघावा, ईएसए आणि जपानच्या जॅक्साचा संयुक्त उपग्रह. त्यावरचा अ‍ॅटलिड हा लिडारही ३५५ नॅनोमीटरचाच. तो वारा मोजत नाही, ढग आणि धूलिकण पाहतो. पण त्याची मांडणी अलादीनच्या जखमांवरून ठरली. लेसर आणि त्याची बाहेर जाण्याची वाट दाब राखलेल्या बंद आवरणात आहे, आणि परतीचा प्रकाश वेगळ्या, ६२ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून येतो. तीव्र अतिनील किरण ज्या भिंगांना भेटतो ती संवेदकाच्या वाटेत येतच नाहीत. ही दोन वाटांची मांडणी प्रकल्पाच्या मधोमध स्वीकारली गेली, आणि तिने अर्थकेअरलाही उशीर केला.

वाऱ्यासाठी आता एओलस-२ ची तयारी आहे, ईएसए आणि युरोपची हवामान-उपग्रह संस्था युमेटसॅट यांची. ईएसएच्या सदस्य देशांच्या २०२२ च्या मंत्रिपरिषदेत पूर्वतयारीला पैसे मिळाले, पहिला उपग्रह २०३४ च्या आसपास जावा असा बेत आहे. लेसर अधिक शक्तीचा, जाण्या-येण्याच्या वाटा वेगळ्या. लेसरचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला दिसतो. माझे लक्ष राहील ते आरशाकडे: तो पृथ्वीकडेच बघणार, खालून सहारा आणि ढग आलटून पालटून जाणारच, आणि शून्य कुठे आहे ते पुन्हा एकदा ठरवावे लागणार.